स्वस्तात फौज पाळायची असेल तर...

नवं राष्ट्र काढताय? अभिनंदन. घोषणापत्र लिहून झालं, तोफा उडवून झाल्या, भाषणं झाली. आता फौजेला खायला काय घालायचं, एवढाच किरकोळ प्रश्न उरला. काळजी नको. स्वातंत्र्य मिळाल्यावर पुढची तीस वर्षं अमेरिकेने तो असा काही सोडवला, की तुम्ही फक्त नक्कल मारायची.

सुरुवात फौज मोडण्यापासून करा. २ जून १७८४ रोजी काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) उरलीसुरली फौज ऐंशी माणसांवर आणली. पंचवीस फोर्ट पिटला, पंचावन्न वेस्ट पॉइंटला, आणि काम काय, तर गोदामावर पहारा. कॅप्टनच्या वरचा अधिकारी ठेवायचाच नाही, तेवढाच पगार वाचतो. दुसऱ्या दिवशी आठवलं की पश्चिमेला एक सीमासुद्धा आहे. मग चार राज्यांकडे सातशे माणसं मागितली. दूरदृष्टी ती हीच, फक्त एक रात्र उशिरा.

लढून घरी निघालेल्या शिपायाच्या हातात पगाराऐवजी कागद ठेवा. घरी पोरं उपाशी असली की तो कागद कवडीमोलाने विकतो. सगळे कागद सटोडियांकडे गोळा झाले की सरकारने ते कर्ज मान्य करायचं. अमेरिकेने १७९० मध्ये केलं.

त्याच वर्षी नव्या शिपायाचा पगार ठरला महिना ३ डॉलर. त्यातून ९० सेंट कपड्याचे आणि १० सेंट दवाखान्याचे कापायचे.

आता मुख्य सल्ला: ठेकेदार नेमा. स्वतःची कोठारं, स्वतःचे कोठीवाले असली भानगड ठेवू नका. एका शिध्याला अमुक दर, असा ठराव करा आणि ढेकर द्या. शिधा म्हणजे दिवसाला एक पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, एक पौंड पाव किंवा पीठ, आणि घोटभर दारू. मीठ, व्हिनेगर, साबण आणि मेणबत्त्या शंभर शिध्यांमागे मोजून. कागदावर किती सुरेख दिसतं! कागदावर कुणी उपाशी राहत नाही.

हे सगळं आत्ता सुचायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यातलं आमचं ‘खरेदी प्रक्रिया’ या विषयावरचं सक्तीचं प्रशिक्षण. मी वर्कशॉपचं स्टोअर सांभाळतो. पाहुणे वक्ते टायची गाठ सैल करून सांगत होते, की अमेरिकेच्या संस्थापकांनी मूठभर कारकुनांवर राष्ट्र चालवलं, पुरवठा ठेकेदारांवर सोडला, कमीत कमी दर आणि कमीत कमी सरकार, त्यांच्याकडून शिका. मी हात वर केला. म्हटलं, साहेब, आमच्याकडे एल-वनने, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणाऱ्याने, लेथ पाठवला, पण त्याला चकच नाही, म्हणजे काम घट्ट धरून फिरवणारा भागच नाही. ताडपत्रीखाली पडून आहे. पुरवठादार म्हणतो चक निविदेत लिहिला नव्हता, आणि अकाउंट्स म्हणतं लेथ आलाय ना, मग बिल पास करा. साहेब हसले. म्हणाले, “तो अंमलबजावणीचा भाग झाला.” पुढची स्लाइड.

तर अंमलबजावणीचा भाग ऐका.

१७९१. ओहायो नदीच्या उत्तरेला तिथले मूळ रहिवासी मायामी आणि शॉनी लोक स्वतःची जमीन सोडायला तयार नव्हते. ती घ्यायला जनरल आर्थर सेंट क्लेअरची फौज निघायची होती. शिध्याचा ठेका विल्यम ड्युअरकडे. हा ड्युअर कोण? कालपरवापर्यंत खजिन्यात अर्थमंत्री हॅमिल्टनचा सहायक. (खात्यातून उठायचं आणि त्याच खात्याचं टेंडर भरायचं, हे तुम्हाला समजावून सांगायला नको.) त्याला हजारो डॉलर आगाऊ मिळाले. ते पिठामांसात घालण्याइतका तो खुळा नव्हता, त्याने सट्ट्यात फिरवले. मग युद्धमंत्र्यांनी त्याचे कान का धरले नाहीत? कारण युद्धमंत्री हेन्री नॉक्स मेन प्रांतातल्या लाखो एकर जमिनीच्या सौद्यात ड्युअरचे भागीदार होते. भागीदाराला पिठाचा हिशोब विचारणं शिष्टाचारात बसत नसेल.

दुसरा मानकरी क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे फौजेचं सामान आणि वाहतूक बघणारा, सॅम्युएल हॉजडन. फौज ओहायोकाठी फोर्ट वॉशिंग्टनला आणि हे फिलाडेल्फियात. जुलैत कूच करायचं ठरलं होतं, हे साहेब पोहोचेपर्यंत सप्टेंबर उजाडला. तंबू, पाठपिशव्या, पातेली, काडतुसांच्या पेट्या, जे आलं ते कमी आणि जे होतं ते रद्दी. ओझ्याच्या घोड्यांची खोगिरं फिलाडेल्फियात करून घेतली. ती घोड्यांना मोठी झाली, आणि फोर्ट पिटला जेवढ्यात नवी मिळाली असती त्याच्या दुपटीहून जास्त पैसे नुसत्या वाहतुकीत गेले. बंदुका मोडक्या. त्या दुरुस्त करायला फिरती लोहारभट्टी पाठवली. शेकडो मैल जंगल आणि नद्या ओलांडून ती पोहोचली. उघडून बघतात तर ऐरण नाही.

ऐरण नाही! भट्टी आहे, ऐरण नाही! निविदेत लिहिली नसेल.

उपरोध वगैरे राहू दे बाजूला थोडा वेळ. त्या फौजेत सहा महिन्यांच्या बोलीवर आणलेली माणसं होती आणि त्यांची मुदत रस्त्यातच संपत आली होती. सेनापती संधिवाताने इतका जाम, की त्याला उचलून न्यायचे. पीठ संपत आलेलं, थंडी सुरू, घोड्यांना चारा नाही. ३१ ऑक्टोबरला साठेक मिलिशियावाले (तात्पुरते गोळा केलेले नागरी शिपाई) पळाले, आणि ते वाटेत मागून येणारी रसद लुटतील अशी भीती पडली. म्हणून सेंट क्लेअरने आपली सगळ्यात कसलेली पलटण, पहिली रेजिमेंट, त्या पिठाच्या राखणीला मागे पाठवली. कळतंय का? पीठ वेळेवर आलं असतं तर ती पलटण जागेवर असती. ४ नोव्हेंबरच्या पहाटे वाबाश नदीच्या काठी मायामींचा लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट यांच्या सुमारे हजार लढवय्यांनी छावणीला वेढा घातला. काही तासांत खेळ आटोपला. फौजेतले सहाशेहून जास्त मेले. त्या नव्या राष्ट्राची त्या काळातली जवळजवळ सगळी फौजच ती.

असो. सल्ले पूर्ण करतो, कारण यादी अर्धवट ठेवली तर ऑडिट आक्षेप घेईल.

बंदुकांची ऑर्डर अशा माणसाला द्या ज्याने जन्मात बंदूक बनवलेली नाही. इलाय व्हिटनीने १७९८ मध्ये दहा हजार मस्केट दोन वर्षांत देतो म्हणून कबूल केलं आणि शेवटची खेप १८०९ मध्ये दिली.

क्वार्टरमास्टर खातं खर्चिक वाटलं की बंदच करा. १८०२ मध्ये केलं. २८ मार्च १८१२ ला पुन्हा उघडलं, १८ जूनला ब्रिटनशी युद्ध पुकारलं. तयारीला तीन महिने सापडले, ऐष आहे!

आणि युद्ध पुकारल्याचं पत्र साध्या टपालाने टाका. हे मी रचलेलं नाही. युद्धमंत्री विल्यम युस्टिसने त्या एकाच दिवशी फौज घेऊन डेट्रॉइटकडे निघालेल्या जनरल हलला दोन पत्रं लिहिली. खास जासुदाबरोबर गेलं त्यात युद्धाचा उल्लेखच नाही. ज्यात युद्ध होतं ते टपालात. हलला ते २ जुलैला मिळालं. तोवर पलीकडे कॅनडात इंग्रजांना बातमी कळली होती, आणि हलने बिनधास्त पुढे पाठवलेलं जहाज त्यांनी त्याच दिवशी कागदपत्रांसकट धरलं. ऑगस्टच्या १६ तारखेला डेट्रॉइट गेलं.

शेवटचा सल्ला चौकशीचा. चौकशी जरूर करा, जोरात करा. वाबाशच्या पराभवानंतर प्रतिनिधिगृहाने १७९२ मध्ये समिती नेमली, सरकारी खात्याच्या कारभाराची काँग्रेसने केलेली पहिली चौकशी. समितीने ठेकेदाराच्या आणि क्वार्टरमास्टरच्या गलथानपणावर स्पष्ट बोट ठेवलं, सेंट क्लेअरला दोषमुक्त केलं. लगेच नॉक्स आणि हॉजडन यांनी आरडाओरडा केला. मग अहवाल पुन्हा तपासा, पुन्हा सादर करा, आणि सभागृहाने त्यावर शेवटी काहीही केलं नाही. ड्युअर तुरुंगात गेला खरा, पण फौज उपाशी ठेवल्याबद्दल नाही. सट्ट्यात बुडून सावकारांची देणी थकवली म्हणून. आणि हॉजडन? १७९४ मध्ये त्याला लष्करी साठ्यांचा अधीक्षक केला. ज्याने ऐरणीशिवाय भट्टी पाठवली, त्याच्या हातात सगळ्या देशाचं कोठार!

शिध्याची ठेकेदारी चालू राहिली ती १८१८ पर्यंत. १८१२ च्या युद्धातही त्याच रडगाण्यावर फौजा थांबल्या, आजारी पडल्या, आणि पुन्हा त्याच दराने निविदा निघाल्या.

म्हणून स्लाइडवाल्यांनो, तुमचं ते ‘कमीत कमी सरकार’ दाखवताना वाबाशचं चित्रही लावा. लाज वाटत नाही? महिना दोन डॉलर हातात पडणाऱ्या माणसाच्या पगारातून त्याच्याच कपड्याचे पैसे कापता, आणि पीठ न देणाऱ्याला आगाऊ रक्कम देता, वर त्याला काटकसर म्हणता! आणि ‘अहो, नवा देश होता, तिजोरीत पैसाच नव्हता’ हे तर तोंडातून काढूच नका. पैसा होता. ड्युअरला दिला होता. तो आधी वसूल करून दाखवा, मग मला काटकसर शिकवायला या.