टीडीएसच्या आकड्याला जड पाणी म्हणू नका

उन्हाळा लागून टँकर सुरू झाले की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला, शिवाय एका मावशीने वेगळा पाठवला. थोडक्यात असा : ‘सावधान! पाण्याचा टीडीएस १५० च्या वर म्हणजे पाणी जड. महापालिकेचं पाणीही आता तसंच झालंय. अशा पाण्याने गीझर वर्षात फुटतो, वीजबिल दुप्पट येतं, वॉशिंग मशीन बाद होतं. टाकीत तुरटी फिरवा, नाहीतर पाइपला चुंबक बसवा.’ खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचं प्रमाण. जड पाणी गीझरला वाईट, एवढं यातलं खरं आहे. पण त्याच्या आजूबाजूला जे काही बांधलंय, ते एकेक करून बघू.

‘टीडीएस १५० च्या वर म्हणजे जड’

नाही. जड पाणी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी, हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे होतं. टीडीएसचा पेनासारखा मीटर पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज सांगतो. क्षार कुठले, हे त्याला कळत नाही. फिल्टरच्या तांब्याभर पाण्यात चिमूटभर मीठ टाका. आकडा काही शेंनी उडी मारेल. पाणी खारट झालं, जड नाही.

उलट्या बाजूने बघा. सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, बसवला की तो कॅल्शियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. वजनाच्या हिशेबात ४० भाग कॅल्शियम गेलं की ४६ भाग सोडियम येतं. म्हणजे पाणी मऊ झालं तरी मीटरवरचा आकडा जवळपास तेवढाच राहतो. ‘सॉफ्टनर चालत नाही, टीडीएस तेवढाच आहे’ अशी भांडणं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकली आहेत. बिचारा सॉफ्टनर आपलं काम नीट करत होता.

आणि १५० हा आकडा कुठला? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएससाठी ५०० आणि कठीणतेसाठी, म्हणजे जडपणासाठी, २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर असे दोन वेगळे आकडे दिले आहेत. दुसरा स्रोतच नसेल तर ते अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत चालतात. एकच आकडा पुरला असता तर दोन कशाला दिले असते?

घरी बघायचं तर अंगाचा साबण किसून थोडा एका बाटलीत टाका, पाणी घाला, हलवा. फेस आला तर पाणी मऊ. दह्यासारखा चोथा तरंगला तर जड. शॅम्पू किंवा कपड्यांची पावडर यासाठी घेऊ नका, त्यांना जड पाण्यातही फेस येतो. नक्की आकडा हवा असेल तर थेंब मोजायचं किट मिळतं. लालसर पाणी निळं होईपर्यंत किती थेंब लागले, ते मोजायचं.

‘महापालिकेचं पाणीही आता तसंच’

पुण्याचं धरणाचं पाणी पानशेत, वरसगाव, टेमघरहून खडकवासल्यात येतं. ते सह्याद्रीवर पडलेलं पावसाचं पाणी आहे, खडकात मुरून वर्षानुवर्षं राहिलेलं नव्हे. ते मऊच असतं. जड असतं ते बोअरचं. काळ्या पाषाणाच्या भेगांतून हिंडताना ते कॅल्शियम-मॅग्नेशियम घेत येतं. टँकर बहुतेकदा विहिरी-बोअरवर भरतो. हे सगळं एकाच टाकीत पडतं आणि नळ एकच असतो, म्हणून दोष ‘नळाच्या पाण्या’वर जातो. आमच्याकडे पावसाळ्यात धरणाचं पाणी पुरतं, एप्रिलपासून निम्मं टँकरचं. घरात हे सर्वात आधी स्वयंपाकघराला कळतं : तुरीची डाळ शिट्ट्या जास्त घेते, कारण कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला आवळून धरतं.

‘गीझर वर्षात फुटतो’

मागच्या वर्षी आमचा गीझर तापताना तडतडायला लागला, म्हणून उघडून घेतला. बोटाएवढी कॉइल अंगठ्याएवढी झाली होती, वर पांढरट, खरखरीत कवच. तळातून दोन वाट्या भरतील एवढे पापुद्रे निघाले. एक पापुद्रा बशीत ठेवून त्यावर लिंबू पिळलं, तर फसफसून बुडबुडे आले. म्हणजे चुनखडीच.

ती तिथेच का साचते? पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कार्बोनेट उरतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं उलटं. पाणी जितकं गरम, तितका थर लवकर.

हिशेब करा. कठीणता लिटरला ४०० मिलिग्रॅम आणि रोज १०० लिटर गरम पाणी, तर कॉइलवरून दिवसाला ४० ग्रॅम चुनखडीचा माल जातो. त्याचा विसावा भाग जरी चिकटला तरी वर्षाला पाऊण किलोच्या आसपास. कठीणता ५० असेल तर तेच गणित ९० ग्रॅमवर येतं. म्हणून एकाच कंपनीचा गीझर एका घरात दहा वर्षं टिकतो आणि दुसऱ्या घरात तीन वर्षांत कॉइल मागतो.

पण कॉइल जाणं वेगळं आणि फुटणं वेगळं. आपण ज्याला ‘टाकी फुटली’ म्हणतो ती बहुतेकदा गंजून गळायला लागलेली असते. टाकीऐवजी गंज आपल्या अंगावर घेणारा मॅग्नेशियमचा रॉड संपला आणि कोणी बदलला नाही, की ते होतं. खराखुरा स्फोट व्हायला थर्मोस्टॅट, पाणी फार तापलं की वीज तोडणारा कटआउट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तिन्ही निकामी व्हावे लागतात. क्षार व्हॉल्व्ह चिकटवू शकतात, म्हणून तो तपासून घ्या. एवढं मेसेजवाल्याच्या बाजूने.

‘वीजबिल दुप्पट’

कॉइल पाण्यातच बुडालेली असते. तिची उष्णता जाणार कुठे? कवच असलं तरी शेवटी पाण्यातच. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतं, कवच असो वा नसो. कवचाने होतं ते असं की उष्णता बाहेर पडायला अडते, कॉइल आतून भाजते आणि एक दिवस जळते. गॅस गीझरची गोष्ट वेगळी. तिथे अडलेली उष्णता धुराबरोबर निघून जाते, म्हणजे गॅस खरंच वाया जातो.

‘वॉशिंग मशीन बाद’

साध्या टॉपलोडला हीटर नसेल तर थर जमायला जागाच कमी. तिथे पावडर जास्त लागते आणि कपडे कडक होतात, बस. हीटरवाल्या फ्रंटलोडला मात्र हा त्रास खरा.

‘तुरटी फिरवा’

तुरटी गढूळपणावरचं औषध. पावसाळ्यातल्या लाल पाण्याला फिरवा, गाळ खाली बसेल. विरघळलेलं कॅल्शियम जिथल्या तिथे राहतं. थर काढायचा असेल तर नळाच्या जाळ्या आणि शॉवर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवा, गीझर मात्र मेकॅनिककडून उघडून घ्या. संडास साफ करायचं ॲसिड गीझरमध्ये ओतणारे लोक आहेत. ते चुनखडीबरोबर धातूही खातं.

‘पाइपला चुंबक’

चुंबक पाण्यातून काहीच काढून घेत नाही. विकायला आलेल्या गृहस्थांना मी थेंबांचं किट दाखवलं आणि म्हटलं, आधी मोजू, मग तुमचं यंत्र लावून परत मोजू. ते म्हणाले, साहेब, आमचं टीडीएसवर दिसतं. मग टीडीएस मोजला. चुंबकाआधी ४१०, चुंबकानंतर ४१०. पुढच्या इमारतीत जायचंय म्हणाले आणि यंत्र पिशवीत टाकलं.