रोस्टरवर नाव आहे, माणूस कुठाय?

चर्चमध्ये कोणत्या रविवारी बायबलचं वाचन कोणी करायचं याचं रोस्टर महिनाभर आधी ग्रुपवर पडतं, सगळे अंगठे दाखवून मोकळे, आणि रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुरू व्हायला पाच मिनिटं असताना सॅक्रिस्टीत, म्हणजे तयारीच्या खोलीत, शोधाशोध, पहिलं वाचन कोणाचंय, अरे तो तर लग्नाला गेलाय! मग वेदीसेवक पोरांचे झगे नीट करत असलेल्या ताईंच्याच हातात पुस्तक कोंबायचं, ताई तुम्हीच वाचा ना आज. का म्हणून दरवेळी ताईच? लग्न काय आदल्या रात्री ठरलं का, आमच्या वसईत पत्रिका कधीच्या घरात येऊन पडलेल्या असतात, एक मेसेज टाकून बदली माणूस बघायला काय जातं?

आणि जे येतात त्यातले निम्मे तयारीशिवाय. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात आधीच ठरलेली असतात हो, गुपित नाहीये. तरी यशया संदेष्ट्याचा एवढा सुंदर उतारा एका दमात रेटायचा, पौलाच्या पत्रातलं 'थेस्सलनीकाकर' हे नाव आलं की अडखळायचं आणि शेवटचं वाक्य संपायच्या आत पाठ फिरवायची. मागच्या बाकावरच्या ज्या आजीला वाचता येत नाही तिच्या कानावर देवाचं वचन तुमच्याच तोंडून पडणारे, एवढं तरी मनात ठेवा. ईस्टरच्या जागरणविधीला तर जुन्या करारातलीच 7 वाचनं, तेव्हा फादर स्वतः फोन लावत बसतात. सणाच्या नाटकाला मात्र नावं द्यायला झुंबड.

जमत नसेल तर नाव देऊ नका, पण दिलंत तर या, आणि आदल्या रात्री घरी एकदा मोठ्याने वाचून या.