फ्लो बेंचचा आकडा म्हणजे सगळं नव्हे

इंजिनाच्या हेडवरच्या (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) एका लेखात म्हटलंय की फ्लो बेंचवर, म्हणजे हेडमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्रावर, जास्त हवा ओढेल ते हेड चांगलं. इथेच गाडी अडते. बेंचवर हवा एकसारखी वाहते, इंजिनात झटक्याझटक्यानं. पोर्ट, म्हणजे हेडमधला हवेचा मार्ग, उगाच मोठा केला तर कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि इंजिन खालच्या टप्प्यात मरगळतं. शिवाय नुसता पोर्ट पाहून भागत नाही: १९६७ च्या कॉसवर्थ डीएफव्ही या रेसिंग इंजिनात त्याचे डिझायनर कीथ डकवर्थ यांनी इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधला कोन ३२ अंशांवर आणला, त्यामुळे ज्वलनकक्ष आटोपशीर राहिला.

व्हॉल्व्ह कधी उघडतात-मिटतात त्या टायमिंगमध्ये सगळे ओव्हरलॅपबद्दलच (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात तो काळ) बोलतात. माझ्या मते हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो ते जास्त महत्त्वाचं. उशिरा बंद केला तर वरच्या आरपीएमला हवेच्या जोरानं सिलिंडर भरत राहतो, कमी आरपीएमला मात्र पिस्टन तीच हवा परत ढकलतो.

आणि नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवलात की व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये पुरेशी जागा आहे ना ते बघायला पिस्टनवर मॉडेलिंग क्ले थापा, हेड आवळा, क्रँक हातानं दोन फेरे फिरवा, मग दबलेली क्ले ब्लेडनं कापून जाडी मोजा. एक्झॉस्टला जागा थोडी जास्तच ठेवा, तो व्हॉल्व्ह जास्त तापतो. मी एकदा कंटाळा केला होता. चार व्हॉल्व्ह वाकले.