‘आओरिता’ म्हणजे ‘कधीच नाही’? साफ चूक

स्पॅनिश शिकणाऱ्यांमध्ये एक मजकूर हौसेने फॉरवर्ड होतो. मेक्सिकोत कोणी ‘आओरिता’ म्हणालं की काम कधीच होणार नाही असं समजा. शब्दाचा अर्थ ‘आत्ता लगेच’, पण माणसं आळशी. आणि स्पॅनिश बोलतात तिथे सगळीकडे हीच तऱ्हा.

‘कधीच नाही’ कुठून आलं ते कळतं. फेरीवाला माल पुढे धरतो, गिऱ्हाईक ‘आओरिता नो, ग्रासियास’ (आत्ता नको, धन्यवाद) म्हणून सटकतं. तो कायमचा नकार आहे, हे दोघांनाही ठाऊक असतं. पण नकार ‘नो’मध्ये आहे, ‘आओरिता’ नुसती त्याची धार घालवतं. शेजारच्या टाकोच्या गाडीवर साल्सा, म्हणजे तिखट चटणी, मागा. ‘आओरिता से लो त्राइगो’ (आत्ता आणतो) म्हणत पोऱ्या वळतो आणि वाटी घेऊन येतोही. ‘आओरिता नो आय’ म्हणजे सध्या नाहीये. ‘आओरिता येगो’ म्हणजे इतक्यात आला. मागचं, चालू की पुढचं, हे क्रियापद ठरवतं. ‘आत्ताच गेला’ आणि ‘आत्ता येतो’ दिवसभर बोलणाऱ्या आपल्याला यात कोडं वाटावं, हेच नवल!

‘आत्ता येतो’मधला वेळ किती लांबेल, याचा नेम नाही, हे कबूल. मेक्सिकन लोक स्वतःच त्यावर विनोद करतात. खरी घाई असली की ते शब्द आणखी ताणून ‘आओरितीता’ म्हणतात. ‘-इता’ हा लघुत्वाचा प्रत्यय कधी अर्थ घट्ट करतो (‘सेर्का’ जवळ, ‘सेर्कीता’ अगदी जवळ), तर कधी बोलणं नुसतं मऊ करतो. इथे ‘आओरा’ला (आत्ता) लागून तो दोन्ही कामं करतो, आणि घोळ तिथेच होतो.

आळशीपणाचं म्हणाल तर ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) देशांत वर्षाकाठी सर्वाधिक तास काम करणाऱ्यांत मेक्सिकन आहेत, २१०० तासांहून जास्त. एका क्रियाविशेषणावरून देशाचा स्वभाव काढणं हा मला तरी उद्धटपणा वाटतो.

राहिलं ‘सगळीकडे’. पोर्तो रिकोत ‘आओरिता’ म्हणजे सरळ ‘नंतर’. व्हेनेझुएलात उलट: ‘आओरिता’ म्हणजे आत्ता, आणि साधं ‘आओरा’ बऱ्याचदा ‘मग, नंतर’. स्पेनमध्ये हा शब्द फारसा कानावर पडत नाही. ‘आत्ताच्या आत्ता’ला तिथे ‘आओरा मीस्मो’. पक्की वेळ हवी असेल तर कुठेही ‘आ के ओरा?’, म्हणजे किती वाजता, असं विचारावं.