भाच्याला राष्ट्राध्यक्ष करायचंय? मग मतांच्या नादी लागू नका

न्यू जर्सीत जन्मलेला, तिकडेच वाढलेला एखादा पस्तिशी ओलांडलेला भाचा असेल तर त्याला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष करून टाका. फक्त मतांच्या भानगडीत पडू देऊ नका हो. मतं काय, डेमोक्रॅट उमेदवार ॲल गोरलाही पडली होती, २००० साली देशभरात रिपब्लिकन बुशपेक्षा ५ लाखांहून जास्त. पण अध्यक्ष ठरतो राज्याराज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर, आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला त्या राज्याची सगळी मिळतात. त्यामुळे गाडी अडली फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर.

तेव्हा आधी नाती बघा. जिथे लफडं होणार त्या राज्यात सख्खा भाऊ गव्हर्नर पाहिजे, जेब बुश होता तसा, आणि निकालावर सही करणाऱ्या बाई आपल्याच प्रचारात पदाधिकारी असल्या तर सोन्याहून पिवळं. मतपत्रिका फ्लोरिडातल्या पाम बीचसारखी छापा, गोरचं नाव डावीकडे दुसरं आणि त्याचं भोक मात्र तिसरं, दुसरं भोक पाडलं की मत गेलं तिसऱ्याच उमेदवाराला, ब्युकॅननला! मग अधिकारी कार्ड उजेडात धरून डोळे फाडफाडून बघत बसतील, की भोकाचा हा कपटा एका कोपऱ्याला लोंबकळतोय तर ह्याला मत म्हणायचं का नाही. त्यांना बघू द्या, तुम्ही सुप्रीम कोर्टात जा. कोर्टाने ९ डिसेंबरला मोजणी थांबवली आणि १२ च्या रात्री ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की आता मोजायला वेळच उरला नाही. वर हेही, की आमचं म्हणणं याच केसपुरतं धरा.

कोर्ट नको तर कमिटी नेमा. १८७६ च्या निवडणुकीचा वाद मिटवायला १८७७ ला १५ जणांची नेमलेली, सात रिपब्लिकन, सात डेमोक्रॅट आणि पंधरावे न्यायमूर्ती डेव्हिस, कुणाचेच नाहीत असे. नेमकं त्याच वेळी इलिनॉयने डेमोक्रॅटांच्या मतांवर त्यांना सिनेटर केलं, ते बाजूला झाले, बदली आला रिपब्लिकन. डेमोक्रॅट टिल्डनला १८४ इलेक्टोरल मतं होती, एकच हवं होतं, वादातली २० मतं होती, आणि वीसच्या वीस रिपब्लिकन हेसला. ८ विरुद्ध ७, दर वेळी.

इलेक्टोरल मतांची २६९-२६९ बरोबरी झाली तर अजून सोपं. मग हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, राज्याला एक मत, कॅलिफोर्नियाच्या ५२ खासदारांचं मिळून एक आणि वायोमिंगच्या एकुलत्या खासदाराचंही एक, त्यामुळे दिवाळीचा फराळ वायोमिंगला आत्तापासूनच पाठवायला लागा.

आणि भाचा उपाध्यक्ष असताना हरला तर ६ जानेवारीला संसदेत इलेक्टोरल मतांचे लखोटे त्यालाच उघडायला लागतात. २००१ ला गोर खुर्चीवर होता, त्याच्याच बाजूचे खासदार एकेक करून हरकत घ्यायला उठत होते आणि हा प्रत्येकाला विचारतोय, हरकतीवर नियमाप्रमाणे सिनेटरची सही आहे का? एक बाई म्हणाल्या सही नाही आणि मला पर्वाही नाही. हा म्हणाला, नियमांना आहे. मग स्वतःच वाचून दाखवलं, बुश २७१, गोर २६६.

भाच्याकडून तेवढं आरशासमोर उभं राहून पाठ करून घ्या, आवाज फाटता कामा नये.