सवलतीच्या पासवर दंड कसा भरावा

विद्यार्थी सवलतीचा पास निघाला? कॉलेजचा फॉर्म, शिक्का, सही, खिडकीवरची रांग, सगळं पार पडलं? मग आता रेल्वेचं ओळखपत्र घरीच ठेवावं. पासावर त्याचा नंबर असतो आणि दोन्ही जुळले तरच पास चालतो, हे विसरलेलंच बरं.

मोबाइलवर पास असेल तर स्क्रीनशॉट दाखवावा. ॲप उघडायचा त्रास कोण घेणार!

पास ठाणे ते नेरूळ असेल तर पनवेलला उतरावं, सहाच तर स्टेशनं पुढे.

पास धाकट्या भावाला द्यावा. चेहरे सारखेच असतात, आणि पास जप्त झाला तर महिन्याचा हिशेब ठेवायची कटकटही संपते.

टीसीने पकडलं की कुठून चढलात ते अजिबात सांगू नये. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं १३८ कलम यासाठीच आहे: चढल्याचं स्टेशन नक्की नसेल तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं धरतात. म्हणजे कसाऱ्याहून सुटलेली लोकल ठाण्याला पकडली असली तरी भाडं कसाऱ्यापासून. शिवाय दंड किमान २५० रुपये, तो भाड्याच्या वर.

आता मुख्य कला. पुलाच्या जिन्याखाली, गर्दीत, हळूच म्हणावं, "साहेब, काहीतरी बघा ना." शंभराची नोट घडी करून द्यावी. पावती? छे, साहेबांना लिहायला वेळ लागतो, मागे लोक ढकलतात, आणि आपल्याला ऐरोलीची लोकल चुकते. दीडशे रुपये आणि भाडंही वाचलं! संध्याकाळी मित्रांना सांगावं, कसं मॅनेज केलं. मित्र हसतात, पुढच्या महिन्यात तेही शंभराची नोट वेगळी काढून ठेवतात, आणि साहेबांना कळतं की या जिन्याखाली उभं राहिलं की दिवस बरा जातो. मग ज्याचं कार्ड खरंच विसरलंय, जो २५० भरायला तयार आहे, त्यालाही आधी विचारतात, "पावती हवीच का?"

हो, हवीच! अहो, तुम्हीच लावलीत ना ही सवय? अडीचशे रुपये जड जातात तर कार्ड पासच्या कव्हरात ठेवा, दोन बोटांचं काम आहे. आणि चुकलंच तर दंड भरा, पावती घ्या, तीवरची तारीख, स्टेशनं आणि रक्कम तिथेच उभं राहून वाचा. उतरेपर्यंत तेच तुमचं तिकीट. वाशीच्या जिन्यावर दुसरा टीसी अडवेल तेव्हा काय दाखवणार आहात, त्या शंभराच्या नोटेचा नंबर?