फटाके नकोत म्हणजे नागगोळ्याही नकोत, काका!

"आवाज कुठे करते ती? नागगोळी म्हणजे काय फटाका असतो का?"

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपासून हे वाक्य डोक्यात घण घालतंय. माझ्या चुलतसासऱ्यांचं. मी आत नैवेद्याचं ताट वाढत होते तेवढ्यात त्यांनी माझ्या सात वर्षांच्या लेकीला गॅलरीत नेलं, दार लोटून घेतलं, पाच नागगोळ्या ओळीने मांडल्या आणि पेटवल्या. पोरगी उकिडवी बसून, त्या काळ्या सापावर अगदी तोंड वाकवून बघत होती. खोकल्याचा आवाज ऐकून मी धावले तेव्हा तिचे डोळे लाल, तोंडातून शब्द फुटेना. आणि काका हसतायत, "बघ बघ, केवढा नाग आला!"

तिला दमा आहे. हे त्या घरात प्रत्येकाला माहीत आहे, काकांनाही. मागच्या दिवाळीत आम्ही दोन रात्री नेब्युलायझर लावून जागून काढल्यात. पंप पर्समध्येच होता म्हणून बरं. तो दिला, तिला मांडीवर घेऊन बेडरूमची दारं-खिडक्या लावून बसले. तिकडे आरती उरकली. नंतर ऐकायला काय मिळालं? "सूनबाई आरतीलाही आली नाही."

आवाज नाही म्हणजे अपाय नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये फटाके पेटवून त्यांचा धूर मोजला होता. फुलबाजी, भुईचक्र, अनार, हजारची माळ या सगळ्यांपेक्षा जास्त सूक्ष्म कण निघाले ते या इवल्याशा नागगोळीतून. आणि ती आपण देतो कुणाला? सगळ्यात लहान पोरांना, जी जमिनीजवळ बसून धुरात नाक घालतात! हे मी काकांना सांगितलं तर म्हणाले, "आमची पोरं नाही का वाढली?"

वाढली. धाकट्याला अजून थंडीत धाप लागते, ते कुणी बोलत नाही.

आणि "मग ते हरित फटाके आणायचे" म्हणणाऱ्या आत्यांना पण सांगते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने ते तयार केले, धूर साधारण ३० टक्के कमी होतो. उरलेले ७० टक्के माझ्या लेकीने ओढायचे का? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. आमच्या गल्लीत नरकचतुर्दशीला पहाटे चारला बॉम्ब सुरू होतात.

मुलीवर आम्ही काही लादलेलं नाही. दसऱ्यानंतर तिला घेऊन बसलो आणि ड्रॉइंगच्या कागदावर यादी केली. काय ठेवायचं: किल्ला, कंदील, उटणं, अंगठ्याने कारिट फोडणं (ते तिला इतकं आवडतं की दोन हवी असतात). काय सोडायचं: फटाके, आणि भाऊबीजेला एका दिवसात सात घरं. फटाक्यांवर फुली तिने स्वतः मारली, लाल खडूने. आठवडाभर माती कालवून किल्ला केला, हळीव पेरले, मावळे मांडले. तरी घरात शिरल्या शिरल्या सासूबाई म्हणाल्या, "पोरीची दिवाळीच काढून घेतलीत तुम्ही."

काय काढून घेतलं हो? सांगा ना!

यांचं नेहमीचंच आहे. बोरन्हाणाला ती रडून निळी पडली तरी "शास्त्र आहे" म्हणत चुरमुरे-बोरं ओतत राहिले. रंगपंचमीला "रंग नको" म्हटलं तर मागून येऊन डोक्यावर बादली. आणि मागच्या भाऊबीजेला चुलतभावाला ओवाळून ती ताट घेऊन उभी असताना, सगळ्यांसमोर, तिच्या तोंडावर, "हिला एक सख्खा भाऊ हवा बाई." त्या रात्री तिने मला विचारलं, मी एकटी आहे म्हणून काही चुकलंय का? ते मी विसरणार नाही. मरेपर्यंत नाही.

"एक दिवसाने काय होतं" हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. रात्रभर छातीची घरघर ऐकत कोण बसतं, तुम्ही?

नवऱ्यावर तर जास्त राग आहे. त्यानेही त्या यादीवर सही केली होती, लेकीने करून घेतली होती. गॅलरीच्या दारात उभा राहून म्हणाला काय, "जाऊ दे ना, सणाचा दिवस आहे."

परत येताना गाडीत लेकीने हळूच विचारलं, "आई, छोट्या आजोबांना आपली यादी दाखवली नव्हती का?" तिला वाटतंय चूक तिची. तिने नाही म्हणायला हवं होतं असं वाटतंय तिला. सात वर्षांच्या मुलीने, साठीच्या माणसाला.

आज पाडवा, उद्या भाऊबीज, त्याच घरात. मी नवऱ्याला सकाळीच सांगितलंय, काका तुझे आहेत, फोन तू करायचा, आणि लेकीच्या समोर करायचा. गोळीसुद्धा नाही, फुलबाजीसुद्धा नाही, हे तिच्या कानावर पडू दे. नाहीतर भावांना ओवाळायला आमच्या घरी बोलवा, किल्ल्यापाशी पाट मांडते.

दुपारचे तीन वाजले. फोन अजून झालेला नाही.